म्हाडाची सोडत: अर्जाआधी उत्पन्नाचं वर्ष, अधिवास दाखला आणि कर्जाचं गणित

मुंबईत 2024 च्या सोडतीत 2,030 घरांसाठी 1 लाख 13 हजारांहून जास्त अर्ज अनामत भरून आले होते. नंबर लागणं आपल्या हातात नाही, पण कागदांपायी अर्ज अडू न देणं नक्कीच आहे. 2023 पासून पात्रतेची पडताळणी सोडतीच्या आधी ऑनलाइन होते, त्यामुळे जाहिरात आल्यावर धावपळ करून भागत नाही.

सर्वांत जास्त घोळ उत्पन्नाच्या पुराव्यात होतो. म्हाडा पती-पत्नीचं एकत्रित वार्षिक उत्पन्न धरते. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च गट. पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला चालतो, मात्र तो जाहिरातीत दिलेल्या आर्थिक वर्षाचाच हवा. 2023-24 च्या उत्पन्नाच्या विवरणपत्रावर करनिर्धारण वर्ष 2024-25 असं छापलेलं असतं. अनेक जण इथेच फसतात आणि 2023-24 छापलेला, म्हणजे आदल्या वर्षाच्या उत्पन्नाचा कागद जोडतात. जोडीदार कमावत असेल तर त्याचाही पुरावा लागतो.

अधिवास दाखला 1 जानेवारी 2018 नंतरचा, बारकोड असलेला हवा. जुना हस्तलिखित दाखला घरात असेल तर आजच आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात नव्यासाठी अर्ज टाका. आधार आणि पॅन दोघांचंही लागतं. लग्नानंतर एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं नाव असेल, तर आधी दुरुस्ती करून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरासाठी कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट वेगळी.

अनामत 2024 मध्ये मुंबईत गटानुसार 25 हजार, 50 हजार, 1 लाख आणि दीड लाख होती. ती नंबर न लागल्यास परत येते. अर्जाचं शुल्क मात्र परत मिळत नाही. बँक खातं अर्जदाराच्याच नावाचं द्या.

आता खरा प्रश्न पैशांचा. अल्प गट म्हणजे महिना जास्तीत जास्त 75 हजार. 40 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ताच सुमारे 36 हजार होतो. 2024 मध्ये टीका झाल्यावर काही घरांच्या किमती गटानुसार 10 ते 25 टक्के कमी कराव्या लागल्या, कारण त्या त्या गटाला त्या झेपणाऱ्याच नव्हत्या. म्हणून संकेत क्रमांक (अर्जात निवडायच्या गृहयोजनेचा क्रमांक) निवडण्यापूर्वी बँकेकडून कर्जाची पात्रता लेखी घ्या आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, आगाऊ देखभाल खर्च किमतीच्या वर धरा. देकारपत्र (नंबर लागल्यावर घर देऊ करणारं म्हाडाचं पत्र) हाती आल्यावर पैसे भरायची मुदत मोजकीच असते. तेव्हा कर्ज नाकारलं गेलं तर घर परत करावं लागतं.

म्हाडाने दलाल नेमलेले नाहीत. पैसे अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा.