सिनॅप्सची छाटणी आणि मायक्रोग्लिया

वाढत्या मेंदूत गरजेपेक्षा जास्त तयार झालेले सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधील संदेश-जोडण्या, पुढे नाहीसे होतात. या प्रक्रियेला छाटणी म्हणतात. मेंदूतील भक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, या कामात भाग घेतात. मेंदूच्या एकूण पेशींत त्यांचे प्रमाण साधारणपणे ५ ते १० टक्के धरले जाते. मेंदूच्या भागानुसार ते बदलते.

या पेशी येतात कुठून, यावर जवळजवळ शतकभर वाद झाला. स्पॅनिश संशोधक पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ च्या सुमारास रौप्य कार्बोनेटच्या रंजनाने त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. त्याआधी स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ काखाल यांनी चेतापेशी आणि ॲस्ट्रोसाइट (ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी) यांखेरीज उरलेल्या पेशींना ‘तिसरा घटक’ म्हणून एकत्र टाकले होते. मायक्रोग्लिया गर्भाच्या मध्यस्तरातून येऊन मेंदूत शिरतात, असे ओर्तेगा यांचे मत होते. इतर ग्लिया (मेंदूतील आधारपेशी) पेशींप्रमाणे त्याही चेताबाह्यस्तरातूनच, म्हणजे ज्या गर्भस्तरापासून चेतासंस्था बनते त्यातूनच, निघतात, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. त्या अस्थिमज्जेतील मोनोसाइटपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून) बनतात, हे मत पुढे बरेच रूढ झाले. त्याचा बराच आधार किरणोत्सर्ग देऊन केलेल्या मज्जारोपणाच्या प्रयोगांचा होता आणि त्या किरणोत्सर्गानेच बाहेरच्या पेशींना मेंदूत वाट मिळते, हे नंतर लक्षात आले. २०१० मध्ये फ्लोरेंट जिनू व सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातील पेशींवर खूण करून त्यांचा माग काढला. त्यानुसार गर्भावस्थेच्या साधारण आठव्या दिवसापूर्वी पीतक कोशात (गर्भाला जोडलेल्या पिशवीत) तयार होणाऱ्या आद्य भक्षक पेशी हाच मायक्रोग्लियांचा मुख्य उगम ठरतो. आज हेच मत सर्वांत सबळ मानावे लागते. ओर्तेगा यांचा रोख मोठ्या अंशी बरोबर होता. या उगमाचा अर्थ असा, की मेंदूचे जाळे विणले जाते त्या काळात या पेशी तिथे आधीपासूनच हजर असतात.

छाटणीचा मानवी पुरावा पीटर हुटेनलोखर यांनी १९७९ मध्ये मांडला. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंच्या ललाटखंडात सिनॅप्सची घनता १ ते २ वर्षे वयात सर्वाधिक, प्रौढांच्या सरासरीहून सुमारे ५० टक्के जास्त आढळली आणि १६ वर्षांपर्यंत ती उतरत गेली. सिनॅप्स काढतो कोण, हे अशा मोजणीतून कळत नाही.

त्याचे उत्तर प्रामुख्याने उंदराच्या दृष्टिमार्गात शोधले गेले. दोन्ही डोळ्यांचे अक्षतंतू (चेतापेशींचे संदेश वाहून नेणारे लांब तंतू) थॅलॅमस या मेंदूच्या भागात सुरुवातीला एकमेकांत मिसळलेले असतात आणि पिल्लाचे डोळे उघडण्याआधीच बरेचसे वेगळे होतात. बेथ स्टीव्हन्स व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की सी१क्यू व सी३ ही रोगप्रतिकाराच्या पूरक प्रणालीतील प्रथिने नसतील तर हे विलगीकरण अपुरे राहते. २०१२ मध्ये डोरोथी शेफर व सहकाऱ्यांना जन्मानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास मायक्रोग्लियांच्या आत या अक्षतंतूंचे तुकडे सापडले. एका डोळ्यातील विद्युत संदेश टेट्रोडोटॉक्सिन या विषाने बंद केले, तेव्हा त्याच डोळ्याचे तंतू जास्त गिळले गेले. निवड क्रियाशीलतेवर चालते, हे या एका प्रयोगाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसले असेल. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात मात्र वेगळा संकेत पुढे आला: फ्रॅक्टल्काइन या संकेत-प्रथिनाचा ग्राही नसलेल्या उंदरांत अपरिपक्व काटे (चेतापेशीच्या फांद्यांवरील सिनॅप्स धरणारे छोटे उंचवटे) काही काळ जास्त राहतात (रोझा पाओलिचेल्ली व सहकारी, २०११). सीडी४७ हे प्रथिन याउलट सिनॅप्सना गिळले जाण्यापासून वाचवते.

‘मायक्रोग्लिया सिनॅप्स खातात’ हे सोपे विधान मात्र जपून वापरावे. बराचसा पुरावा रसायनांनी स्थिर केलेल्या, म्हणजे मृत ऊतींतील आहे. पेशीच्या आत सापडलेला तुकडा जिवंत सिनॅप्स तोडून घेतला की आधीच गळून पडलेला उचलला, हे त्यावरून ठरत नाही. २०१८ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या जिवंत कापांच्या चित्रणात मायक्रोग्लिया सिनॅप्सपूर्व (संदेश पाठवणाऱ्या बाजूच्या) टोकांचे लचके तोडताना दिसल्या. अख्खे काटे गिळताना दिसल्या नाहीत. ॲस्ट्रोसाइटही सिनॅप्स गिळतात (२०१३), तर मायक्रोग्लिया नसलेल्या उंदरांत मेंदूच्या काही भागांतील सिनॅप्सची घडण बरीचशी नेहमीप्रमाणे झालेली आढळते. म्हणून त्या अनेक सहभागी पेशींपैकी एक असून त्यांचा वाटा भागागणिक वेगळा असतो, असे समजणे अधिक सयुक्तिक.

पूरक प्रणालीतील सी४ जनुकाच्या काही रूपांचा स्किझोफ्रेनियाच्या वाढीव धोक्याशी संबंध २०१६ मध्ये दाखवला गेला. तो जनुकीय सहसंबंध आहे. रुग्णांच्या मेंदूत प्रत्यक्ष अतिछाटणी झाल्याचा पुरावा त्या तुलनेत तुटपुंजा आहे.