दहशतवादबळींचे स्मरण, नाशिक जिल्ह्यातील

दहशतवादी हल्ल्यांत मरण पावलेल्यांना सामूहिक आदरांजली वाहण्याची व शांततेसाठी एकत्र येण्याची प्रथा. मौन, शपथ, मेणबत्ती फेरी व सर्वधर्म प्रार्थना ही तिची परिचित रूपे होत.

राजीव गांधी यांची २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे हत्या झाली. तो दिवस दहशतवादविरोधी दिन म्हणून पाळतात व शासकीय कार्यालयांत शपथ घेतात. मे महिन्यात शाळांना सुटी असल्याने विद्यार्थ्यांच्या बाबतीत २६ नोव्हेंबर हाच, २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या स्मरणाचा दिवस अधिक रुजला असावा. त्याच दिवशी संविधान दिनही असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१७ च्या अखेरीस २१ ऑगस्ट हा दहशतवादबळींच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिन ठरवला.

मौनाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियन पत्रकार एडवर्ड हनी यांनी मे १९१९ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रातील पत्रात पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी पाच मिनिटांचे मौन सुचवले होते. काही लेखक श्रेय त्यांना देतात. तथापि, दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये मे १९१८ पासूनच दुपारच्या तोफेबरोबर शहर स्तब्ध होत असे. आधी तीन मिनिटांचा प्रयोग झाला, लगेच तो दोनवर आणला गेला. तेथील लेखक व राजकारणी पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ही प्रथा लंडनला कळवली आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये ब्रिटनचे राजे पंचम जॉर्ज यांनी दोन मिनिटांच्या मौनाचे आवाहन केले. कालक्रम व मिनिटांची संख्या पाहता केपटाऊनचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. भारतात ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता पाळल्या जाणाऱ्या मौनाचा अवधीही दोनच मिनिटांचा आहे.

जिल्ह्यात या स्मरणाचे मुख्य स्थान मालेगाव होय. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, बडा कब्रस्तान व मुशावरत चौक परिसरात स्फोट झाले. मृतांची संख्या ३१ ते ३७ अशी वेगवेगळी सांगितली जाते; येथे ३१ ही संख्या स्वीकारली आहे. त्या दिवशी शब-ए-बारात, म्हणजे मृत आप्तांच्या स्मरणाचा इस्लामी चांद्र पंचांगातील सण होता. आप्तांच्या कबरींवर फातेहा (मृतांसाठीची प्रार्थना) पढायला आलेली माणसेच त्यात मारली गेली, हे या घटनेचे सर्वांत वेदनादायक अंग आहे. चांद्र महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकत असल्याने स्फोटांचा स्मृतिदिन व शब-ए-बारात पुढे वेगळ्या दिवशी येऊ लागले. प्रारंभी अटक झालेल्या आरोपींना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये दोषमुक्त केले.

२९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानमध्ये, भिक्कू चौकातील स्फोटात सहा जण मरण पावले. या खटल्यातील सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता झाली. आरोपींविषयीचा वाद व मृतांचे स्मरण या गोष्टी अलग ठेवणेच योग्य. त्या निकालातही न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख व जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.