टाके सुकल्यानंतर उघडणारी जखम

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेला रुग्ण सहसा दोन-तीन दिवसांत घरी जातो, आठवड्या-दीड आठवड्यात त्याचे टाके निघतात आणि महिनाभरात तो कामालाही लागतो. मोजक्या रुग्णांच्या बाबतीत मात्र नेमक्या याच सुमारास किंवा त्याहून उशिरा, बेंबीजवळच्या भरून आलेल्या छिद्राच्या जागी एक कडक गाठ हाताला लागते. ताप नसतो आणि दुखणेही बेताचेच असते. हळूहळू गाठीवरची त्वचा काळपट होते, तिला तोंड पडते आणि पातळ, पांढुरका स्राव येऊ लागतो. नेहमीची प्रतिजैविके दिली की तो कमी झाल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सुरू होतो. स्राव तपासायला पाठवला, तर जंतूंची वाढ झाली नाही, असा अहवाल अनेकदा येतो. कारण साधे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, दोन दिवसांत निकालात काढले जाते आणि या जखमेतला जंतू डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला तीन ते सात दिवस घेतो.

हा जंतू मायकोबॅक्टेरियम कुळातला आहे. या कुळातले क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे जंतू सर्वपरिचित आहेत. त्यांच्याखेरीज ज्या दोनशेच्या आसपास प्रजाती माती-पाण्यात राहतात, त्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया म्हणतात. त्यांच्यापैकी अ‍ॅब्सेसस, चेलोनी आणि फॉर्च्युइटम या तीन प्रजाती शस्त्रक्रियेच्या व इंजेक्शनच्या जखमांत वारंवार सापडतात. त्यांच्या पेशीभित्तिकेत मेणासारख्या मायकोलिक आम्लांचा जाड थर असतो. त्यामुळे नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला त्या दाद देत नाहीत आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात वर्षानुवर्षे टिकून राहतात. धडधाकट, अखंड त्वचेतून त्या आत शिरू शकत नाहीत. पण बारीकशी जखमही त्यांना पुरते. 2000 साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एका नेल सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली, तेव्हा पाय बुडवायच्या टबांच्या जाळीमागे साचलेल्या केसा-कचऱ्यात फॉर्च्युइटम सापडला होता. टबात पाय घालण्यापूर्वी ज्यांनी वस्तऱ्याने पायांवरचे केस काढले होते, त्यांना धोका अधिक होता. माशांच्या टाक्या हाताळणाऱ्यांच्या आणि मासे साफ करणाऱ्यांच्या बोटांवर मरिनम नावाची चौथी प्रजाती गाठी आणते. तिला सुमारे तीस अंश तापमान मानवते, म्हणून ती शरीराच्या आत फारशी न शिरता हातापायांच्या तुलनेने थंड त्वचेत वाढते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे जंतू शिरतात ते बहुधा उपकरणांच्या सफाईतून. या शस्त्रक्रियेतील लांब चिमटे आणि कात्र्या यांना बारीक सांधे व पोकळ नळ्या असतात. ती नीट सुटी करून घासली नाहीत, तर आत रक्ताचे व पेशींचे कण अडकून राहतात. उष्णता न सोसणारी उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाहीत, म्हणून ती ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकाच्या दोन टक्के द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पण तेच द्रावण दिवसेंदिवस वापरले की विरळ होत जाते, आणि सर्वांत गंभीर बाब अशी की, द्रावणातून काढलेली उपकरणे कित्येकदा साध्या पाण्याने धुतली जातात. एवढी खटपट करून निर्जंतुक केलेल्या वस्तूवर आपणच पाण्यातला जंतू पुन्हा चढवतो. ब्राझीलमध्ये तर याच्याही पुढची गोष्ट घडली. रिओ दि जानेरो येथे 2006-07 मध्ये साठाहून अधिक रुग्णालयांतून असे हजारावर संशयित रुग्ण आढळले आणि त्यांच्यातला अ‍ॅब्सेसस गटातील जंतू दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडलाही पुरून उरणारा निघाला.

निदानाची वाट भारतात विशेष निसरडी आहे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे दंडगोलाकार जंतू दिसतात आणि क्षयात दिसतात तशाच पेशींच्या गाठीही दिसतात. क्षयरोग आपल्याकडे इतका सर्रास आढळतो की एवढ्यावरून क्षयाची चार औषधे सुरू केली जातात. वरील तीन प्रजातींवर ती औषधे चालत नाहीत, त्यामुळे महिने वाया जातात, जखम तशीच वाहत राहते आणि यकृताला त्रास होण्याची जोखीम रुग्णाने विनाकारण पत्करलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली असे जंतू दिसले आणि सीबीनॅट या, क्षयाच्या जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत तो सापडला नाही, तर क्षयेतर जंतूची शंका घ्यायलाच हवी आणि औषधाची पहिली गोळी देण्यापूर्वी मायकोबॅक्टेरियाचे कल्चर लावायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

प्रजाती कळणे एवढे महत्त्वाचे का, हे क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अ‍ॅब्सेससच्या बऱ्याच वाणांत एक असे जनुक असते, जे या औषधाची गाठ पडल्यावरच जागे होते. प्रयोगशाळेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहिले, तर औषध लागू पडते असे दिसते. तीच चाचणी चौदाव्या दिवशी पाहिली, तर जंतू निर्धास्त वाढलेला असतो. चेलोनीत हे जनुक नसते. म्हणून एकच औषध न देता, चाचणीच्या आधारे अमिकॅसिनसारख्या औषधाची जोड दिली जाते, उपचार बहुधा चार महिने किंवा अधिक चालतात आणि गाठ व तिच्यापर्यंत गेलेला स्रावाचा मार्ग बऱ्याचदा शस्त्रक्रियेने समूळ काढावा लागतो. घरच्यांनी वेगळी भांडी ठेवण्याचे काही कारण नाही. त्वचेतला हा संसर्ग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याच शस्त्रक्रियागृहातून आलेला असा दुसरा रुग्ण दिसला, तर मात्र उपकरणे धुण्याच्या पाण्याचे व द्रावणाचे नमुने लगेच तपासायला हवेत आणि त्या काळात तिथे शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला बोलावून जखमेची जागा हाताने चाचपून पाहायला हवी.