बालपण लांबवणारा कागद

गवताच्या पात्याला कधी नाकतोड्याची रिकामी कात लटकलेली दिसली, तर ती जरा निरखून पाहा. पाठीवर उभी चीर असते. सहा पाय, मिशा, अगदी डोळ्यांवरचा पारदर्शक पापुद्राही जागच्या जागी असतो. चिरेच्या कडेला बारीक पांढरे धागे दिसले, तर ते त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर! कीटक तोंडाने श्वास घेत नाहीत. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. या नळ्या म्हणजे आत वळलेली त्वचाच, म्हणून कातीबरोबर त्यांचं अस्तरही निघून येतं. मला तर ही निसर्गातली सर्वांत नाजूक कारागिरी वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी? कीटकाचा सांगाडा अंगाबाहेर असतो. डोकं, वक्ष आणि उदर हे तिन्ही भाग कायटिन नावाच्या द्रव्याच्या कवचात असतात. वक्षाला जोडलेले पाय आणि पंख हलवणारे स्नायू याच कवचाला आतून धरून असतात. पण एकदा टणक झालेलं कवच वाढत नाही. म्हणून त्याच्याखाली घड्या पडलेलं मऊ नवं कवच तयार होतं. जुनं फाटतं, कीटक हवा गिळून अंग फुगवतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत तसाच असहाय बसून राहतो.

कातीतून बाहेर काय येणार, हे मात्र ठरलेलं असावं लागतं. झुरळ, ढेकूण, नाकतोडा यांची पिल्लं आईबापांसारखीच दिसतात. फुलपाखरू, भुंगा आणि माशी यांची अळी कोषात जाऊन पूर्ण रूप पालटते. प्रौढ झाल्यावर वाढ थांबते. घरातली इवलीशी माशी मोठ्या माशीचं पिल्लू नसते, ती वेगळ्या जातीची किंवा अळी असताना उपाशी राहिलेली असते.

प्रौढ व्हायची वेळ कोण ठरवतं? व्हिन्सेंट विगल्सवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात रक्त पिणाऱ्या ऱ्होडनियस किड्यांवर प्रयोग केले. लहान पिल्लाच्या मेंदूमागची इवलीशी ग्रंथी त्याने शेवटच्या अवस्थेतल्या पिल्लात बसवली. कात पडली, पण प्रौढाऐवजी आणखी मोठं पिल्लूच बाहेर आलं! त्या ग्रंथीतून जुव्हेनाइल हार्मोन, म्हणजे बालपण टिकवणारं संप्रेरक पाझरतं. ते आटलं की प्रौढपण येतं.

पुढे १९६०च्या दशकात कारेल स्लामा हा शास्त्रज्ञ प्रागहून हार्वर्डला आला. येताना त्याने पायऱ्होकोरिस जातीचे लाल-काळे किडे आणले होते. प्रागमध्ये पाचव्या अवस्थेनंतर प्रौढ होणारी ही पिल्लं इथे सहाव्या, सातव्या अवस्थेत जात आणि प्रौढ न होताच मरत. अन्न, पाणी, उजेड असा एकेक फरक तपासून झाला. शेवटी दोष सापडला बशीत अंथरलेल्या कागदी रुमालात. मग वर्तमानपत्रांचे तुकडे घालून पाहिले. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कागदाने किडे पिल्लंच राहिले, लंडनच्या 'टाइम्स'ने मात्र काही बिघडलं नाही. अमेरिकी कागद ज्या झाडांपासून बनत होता, त्यांत बाल्सम फर होतं. या झाडाच्या लाकडात त्या संप्रेरकासारखंच काम करणारं द्रव्य असतं. लगदा झाला, कागद झाला, छपाई झाली, तरी ते टिकून होतं.