चार महिन्यांची समुद्रसफर: सातारा-सांगलीतून निघताना कागदपत्रं कशी जमवायची

जानेवारीत अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलसारख्या बंदरातून सुटायचं, पनामा कालवा ओलांडून हवाई, ताहिती, न्यूझीलंड, सिडनी, बाली, सिंगापूर, मॉरिशस, केप टाउन, कॅनरी बेटं करत मे महिन्यात साउदम्प्टनला उतरायचं. लांब पल्ल्याच्या क्रूझचा साधारण मार्ग असा असतो. माहितीपत्रकात केबिनचे फोटो चार पानं असतात आणि 'आवश्यक व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी' ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. युरोपीय पासपोर्टवाल्याला ती ओळ वाचली नाही तरी चालतं. आपल्याला तिथूनच सुरुवात करावी लागते.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी दूर करू. "त्या बंदरात आम्ही उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला?" हे चालत नाही. जहाज बंदराला लागतं तेव्हा जहाजावरच्या प्रत्येक माणसाची यादी तिथल्या इमिग्रेशनकडे जाते, मग तो माणूस केबिनमध्ये झोपलेला का असेना. म्हणून क्रूझ कंपनी पहिल्याच बंदरात, चढण्याआधी, मार्गातल्या सगळ्या देशांचे व्हिसा तपासते. एक जरी कमी असेल तर चढू देत नाही, आणि त्या कारणानं राहिलेल्या सफरीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीकडून बंदरांची तारखांसकट पूर्ण यादी लेखी मागा आणि भारतीय पासपोर्टला कुठल्या बंदरासाठी काय लागतं, हेही लेखी विचारा. ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी "काही नाही हो, ट्रान्झिट आहे" वर विसंबू नका.

पासपोर्ट

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात. ऑनलाइन अर्ज भरताना पुणे निवडलं की पोस्टातली सेवा केंद्रं आणि पुण्याचं मोठं केंद्र अशी यादी दिसते, त्यातलं जवळचं आणि लवकरची तारीख देणारं घ्या.

पुस्तिका ६० पानी मागा. ३६ पानीला १,५०० रुपये, ६० पानीला २,००० रुपये. पाचशे रुपयांचा फरक आहे आणि या सफरीत तो वाचवू नये. अमेरिका, फ्रान्स यांचे व्हिसा एकेक पान खातात, शिवाय बंदरागणिक शिक्के. पानं संपली तर वाढवून मिळत नाहीत, नवाच पासपोर्ट काढावा लागतो. सफर संपल्यानंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मे महिन्यात परतणार असाल तर नोव्हेंबरपुढची. मुदत संपायला एक वर्ष राहिलं की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, थांबू नका. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पासपोर्ट रद्द झाला तरी तो व्हिसा चालतो. दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवायच्या.

आता खरी डोकेदुखी, नावाची. आपल्याकडे साठी ओलांडलेल्या बाईंची तीन कागदांवर तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर कधी 'बाई' लावून. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव व पतीचं किंवा वडिलांचं नाव एकत्र येतं. म्हणजे पासपोर्टवर आडनाव 'पाटील', नाव 'सुनंदा शिवाजी'. क्रूझचं बुकिंग, विमानाचं तिकीट, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे हेच, याच स्पेलिंगनं. एजंटनं तिकिटावर नुसतं 'सुनंदा पाटील' टाकलं तर लगेच दुरुस्त करून घ्या. आडनावाचा रकाना रिकामा असलेले जुने पासपोर्ट अजून फिरतात. एकच नाव असलेल्या पासपोर्टला संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ पासून अडवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे दुबईला थांबणारं जहाज किंवा विमान असेल तर तो पासपोर्ट आधी दुरुस्त करा.

माहेर-सासर जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंद आज करता येते. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिका वा महापालिकेकडे. लग्नपत्रिका असेल तर उत्तम, नसेल तर प्रतिज्ञापत्र, आणि तीन साक्षीदार. वर्षं लोटल्यानं दंड पडतो, पण तो किरकोळ असतो. दुसरी गोष्ट, जन्मतारीख. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली '१ जून' दाखल्यावर आणि आधारवर मात्र दुसरीच, हे घरोघरी आहे. आधी आधार दाखल्याप्रमाणे करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज. उलट क्रमानं गेलात तर दोनदा हेलपाटा पडतो.

व्हिसा

अमेरिकेचा सगळ्यात आधी, कारण मुलाखतीच्या तारखेसाठी काही महिने थांबावं लागू शकतं. बी१/बी२ म्हणजे पर्यटन-भेटीचा व्हिसा, शुल्क १८५ डॉलर, अर्ज डीएस-१६०. हवाई, पोर्तो रिको, सेंट थॉमस, ग्वाम ही सगळी अमेरिकेचीच बंदरं आहेत, नाव ऐकून फसू नका. मुंबईत दोन वेगळ्या जागी जायचं असतं: एकदा बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी व्हिसा अर्ज केंद्रात, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला. दोन तारखा लागोपाठच्या दिवशी घेतल्या तर सांगली-मिरजेहून महालक्ष्मीनं रात्री बसून एका फेरीत काम होतं. वकिलातीत मोबाइल, पिशवी आत नेता येत नाही. ठेवायची सोय आधी बघा. सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांची मुलाखतीतली सरसकट सूट गेली, त्यामुळे आजोबांनाही न्यावं लागेल असं धरून चाला. डीएस-१६० वरचा पुष्टी क्रमांक आणि अपॉइंटमेंटमधला क्रमांक एकच हवा. अर्जात चूक दिसली म्हणून नवा अर्ज भरला आणि अपॉइंटमेंटमध्ये जुनाच क्रमांक राहिला, तर दारातूनच परत पाठवतात.

अमेरिकेच्या व्हिसाचा एक जोडफायदा आहे: तो चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

फ्रान्सच्या बाबतीत नकाशा बाजूला ठेवा. मार्टिनिक, ग्वाडेलूप, ताहिती, न्यू कॅलेडोनिया ही बेटं फ्रान्सची, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. पॅरिससाठी चालणारा साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. अर्जात त्या प्रदेशाचं नाव वेगळं घालून व्हिसा घ्यावा लागतो. उलट कॅनरी बेटं, मडेरा, अझोर्स ही अटलांटिकमध्ये दूर असली तरी शेंगेनच. म्हणजे एकाच सफरीत ताहिती आणि कॅनरीतलं टेनेरिफ दोन्ही असतील तर दोन कामं आहेत. शेंगेनचं शुल्क ९० युरो, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, आणि १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा. अर्ज ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पोहोचता त्याच्याकडे. व्हिसा बहुप्रवेशीच मागा. कॅनरीतून निघून मोरोक्को करून जहाज पुन्हा स्पेनला लागलं की दुसरा प्रवेश झाला.

ब्रिटनची अडचण वेगळीच आहे. तिथला पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांहून लवकर मागता येत नाही. जहाज जानेवारीत निघून मेमध्ये साउदम्प्टनला पोहोचणार असेल तर अर्जाची खिडकी उघडते फेब्रुवारीत, आणि तेव्हा तुम्ही पॅसिफिकच्या मध्यावर. यातून मार्ग म्हणजे दोन वर्षांचा व्हिसा मागून त्याची सुरुवात निघण्याच्या सुमाराची ठेवणं. शेंगेनला ही मुदत सहा महिने आहे, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही, पण तारखा कॅलेंडरवर मांडूनच बघा.

ऑस्ट्रेलियाला भारतीय पासपोर्टवर इटीए (व्हिसाऐवजीची सोपी ऑनलाइन प्रवास परवानगी) मिळत नाही. उपवर्ग ६०० चा व्हिजिटर व्हिसा, ऑनलाइन अर्ज. सिडनीहून फिजी किंवा न्यूझीलंडला जाऊन परत सिडनी असेल तर बहुप्रवेशी. न्यूझीलंड मात्र क्रूझवाल्यांवर मेहेरबान आहे. जहाजानं आलात आणि जहाजानंच गेलात तर भारतीय नागरिकालाही व्हिसाऐवजी एनझेडइटीए, म्हणजे न्यूझीलंडची तशीच ऑनलाइन परवानगी, चालते. पण ऑकलंडला विमानानं जाऊन तिथून जहाजात बसणार असाल तर ही सवलत नाही, रीतसर व्हिसा हवा.

सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो मान्यताप्राप्त एजंटमार्फत काढावा लागतो. शिवाय तिथे पोहोचण्याआधी तीन दिवसांच्या आत अरायव्हल कार्ड भरायचं. दक्षिण आफ्रिकेलाही व्हिसा लागतो. मॉरिशस, फिजी, बार्बाडोस, जमैका, डॉमिनिका, कुक बेटं इथे आपल्याला आधी व्हिसा लागत नाही. मालदीवमध्ये पोहोचल्यावर मोफत मिळतो. सेशेल्सला व्हिसा नाही पण प्रवासाची ऑनलाइन परवानगी हवी.

एकच पासपोर्ट एका वेळी दोन वकिलातींत असू शकत नाही, हे वेळापत्रक लावताना लक्षात ठेवा. अमेरिका, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका हे पासपोर्ट ठेवून घेतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूरचं काम ऑनलाइन होतं, ते या मधल्या दिवसांत उरका. निघण्याच्या आठ-नऊ महिने आधी अमेरिकेपासून सुरुवात केली तर धावपळ होत नाही.

फोटो: अमेरिकेला ५१ मिलिमीटर चौरस, शेंगेनला ३५ बाय ४५. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा की चेहरा उजळवायचा नाही, सुरकुत्या पुसायच्या नाहीत. तसा 'सुधारलेला' फोटो परत येतो.

उत्पन्नाचे कागद

इथे शेतकरी कुटुंबं उगाच घाबरतात. जमीन, ऊस, द्राक्षबाग हा गावाशी असलेल्या नात्याचा भक्कम पुरावा आहे, फक्त तो वकिलातीला वाचता यायला हवा. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. कारखान्याच्या ऊस बिलाच्या पावत्या आणि ती रक्कम बँकेत जमा झालेली दिसेल असं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पासबुकाची झेरॉक्स नको. पतसंस्था किंवा सहकारी बँक असली तरी लेटरहेडवर शिक्का-सहीचं स्टेटमेंट मागून घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरलेलं बरं, तीन वर्षांचं. बेदाणा किंवा हळदीचे व्यापारी असाल तर जीएसटी नोंदणी आणि विवरणपत्रं पुरतात. निवृत्त शिक्षक, कर्मचाऱ्यांनी पेन्शन मंजुरीचा आदेश जोडावा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम दहा लाख आलेले दिसले की प्रश्न येतो. मुलानं पाठवले असतील तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट लावा. पत्नीच्या नावे उत्पन्न नसेल तर पतीचं खर्चाच्या जबाबदारीचं पत्र.

पैसे पाठवायला पॅन लागतो, आणि तो आधारशी जोडलेला हवा. परदेशी पाठवायची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे, तेवढी कुणाला लागत नाही. टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा केला जाणारा कर, मात्र कापला जातो. तो खर्च नसून आगाऊ कर आहे, आयकर खात्याच्या २६एएस या करनोंदीच्या पत्रकात दिसतो आणि विवरणपत्रात परत मागता येतो. रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं.

पीतज्वराची लस

पनामा, ब्राझील, केनिया, त्रिनिदाद यांपैकी कुठलंही बंदर मार्गात असेल तर पिवळं प्रमाणपत्र हवं. लस सरकारमान्य केंद्रातच, पुणे किंवा मुंबईत. गावातल्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू आणि आयुष्यभर चालतं. बाधित देशातून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. साठीपुढे पहिल्यांदा ही लस घेताना धोका थोडा वाढतो, अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर त्या केंद्राकडून सूट-प्रमाणपत्र घ्या, आणि क्रूझ कंपनीला ते चालतं का, हे आधी विचारा.

डबे आणि औषधं

रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या शास्त्रीय नावासह. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांपुरतंच औषध नेता येतं, म्हणून जहाज तिथे पोहोचेपर्यंत किती उरेल याचा हिशेब करा. कंदी पेढे, लोणचं, भडंग केबिनमध्ये राहिलं तर कुणी विचारत नाही. पिशवीत घालून न्यूझीलंडच्या धक्क्यावर उतरलात आणि सांगितलं नाहीत तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. कांदा-लसूण मसाल्याकडे मात्र नीट बघा, त्यात खसखस असते, आणि खसखशीला अमिरातीत व सिंगापुरात बंदी आहे. घरी करतानाच खसखस वगळून वेगळा डबा करा.

निघण्याआधी बँकेचा ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू करा. सफर शरद ऋतूत सुरू होणारी असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आठवणीत ठेवा. जीवन प्रमाण अ‍ॅपवर चेहरा दाखवून तो फोनवरूनही देता येतो, पण एकदा घरी करून बघा, जहाजावरच्या इंटरनेटवर पहिला प्रयोग नको. बऱ्याच जहाजांवर पासपोर्ट सफरभर कार्यालयात जमा ठेवतात. म्हणून पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान आणि प्रत्येक व्हिसा यांच्या रंगीत झेरॉक्सचे तीन संच करा: एक गळ्यातल्या पिशवीत, एक बॅगेत, आणि एक घरी मुलाकडे.