एबी, बीसी आणि त्यातला ‘ए’

मूल दहावी-अकरावीत आलं की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: एपीचं (‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून परीक्षा द्यायची सोय) कॅल्क्युलस एबी घ्यायचं की बीसी? महाराष्ट्रात सायन्सला गणित घेतलं की अवकलन-समाकलन आपोआप पदरात पडायचं, निवडीचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आईवडील आपल्या अनुभवावरून अंदाज बांधतात की एबी म्हणजे भाग पहिला आणि बीसी म्हणजे भाग दुसरा. या गैरसमजापायी मुलांचं एक अख्खं वर्ष जाऊ शकतं, म्हणून ही अक्षरं आली कुठून ते पाहायला हवं.

एपी परीक्षांचा उगम स्पुटनिक या सोव्हिएत रशियाच्या पहिल्या उपग्रहाशी जोडला जातो, पण तारखा जुळत नाहीत. स्पुटनिक अवकाशात गेला ऑक्टोबर १९५७ मध्ये. एपीच्या परीक्षा १९५६ पासूनच सुरू झाल्या होत्या. मूळ दुखणं घरचंच होतं. चांगल्या शाळांतून आलेली मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकलेलंच पुन्हा शिकत होती. तीन खाजगी शाळा आणि तीन नामांकित विद्यापीठांनी मिळून या दुखण्याचा अभ्यास केला आणि त्यातून शाळेतच कॉलेजचा विषय शिकवण्याची कल्पना पुढे आली. स्पुटनिकने तिला घाई लावली आणि १९५८ च्या कायद्याने विज्ञान-गणिताकडे सरकारी पैसा वळला.

सुरुवातीला गणिताची परीक्षा एकच होती. १९६९ मध्ये तिच्या दोन झाल्या आणि अक्षरांचा घोळ तिथेच सुरू झाला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी विषयाचे तीन गठ्ठे कल्पिले होते. ‘ए’ म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीची तयारी: फलनं, आलेख, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम. ‘बी’ म्हणजे कॅल्क्युलसचा गाभा. ‘सी’ म्हणजे अनंत श्रेणींसारखे पुढचे भाग. ज्या मुलांची ‘ए’ची तयारी पक्की नव्हती त्यांनी वर्षभरात ए आणि बी करायचं, ज्यांची झालेली होती त्यांनी बी आणि सी. म्हणजे दोन्ही वर्ग एकाच वर्षाचे, एकमेकांना समांतर, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणी. एक संपवून दुसऱ्यात जायचं, अशी ती शिडी नव्हतीच.

पुढे ‘ए’ हळूहळू बाहेर पडला. ती तयारी मुलाने आधीच करून यावी, अशी अपेक्षा रूढ झाली. अक्षर मात्र नावात तसंच राहिलं. आज एबी म्हणजे कॉलेजच्या साधारण एका सत्राएवढं कॅल्क्युलस आणि बीसी म्हणजे दोन सत्रांएवढं. एबीतलं सगळं बीसीत येतं, दोन्ही परीक्षांतले काही प्रश्नही सारखेच असतात आणि बीसी देणाऱ्याला एबीच्या भागाचे गुण वेगळे कळवले जातात. तरीही अनेक शाळा आधी एबी, मग पुढच्या वर्षी बीसी असा क्रम लावतात. कच्च्या तयारीच्या मुलाला त्याचा आधार होतो, हे खरं. पण ज्याची त्रिकोणमिती आणि बीजगणित पक्कं आहे त्याला त्या क्रमात सप्टेंबरपासून कित्येक महिने झालेलंच पुन्हा करावं लागतं. ज्या दुखण्यासाठी एपी जन्माला आलं, तेच मुलाच्या वाट्याला पुन्हा येतं.

मधल्या दशकांतल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. १९८२ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या एका सरकारी शाळेतली, गरीब स्थलांतरित वस्तीतली १८ मुलं एबी उत्तीर्ण झाली. त्यातल्या १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. दुसरी गोष्ट १९९५ पासून आलेखी कॅल्क्युलेटर सक्तीचे झाल्याची. सूत्रं घोकून भागेनासं झालं आणि आलेख वाचणं, कारण शब्दांत मांडणं यांना वजन आलं.

खरी भांडणं मात्र आता आठवीत होतात. हिशोब साधा आहे. अल्जिब्रा एक, भूमिती, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस, असे पाच वर्ग, आणि हायस्कूलची वर्षं चार, नववी ते बारावी. म्हणजे पहिला वर्ग आठवीतच उरकावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये सर्व मुलांना समान संधी म्हणून आठवीतला अल्जिब्रा काढून टाकला. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. ज्यांना परवडलं त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या किंवा उन्हाळी वर्ग घेतले, आणि ज्यांना शाळेशिवाय आधार नव्हता ती मुलं शाळेच्या वेळापत्रकावरच अवलंबून राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये मतदारांनी तो अल्जिब्रा परत आणण्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या बाजूचंही म्हणणं दुर्लक्षून चालणार नाही. बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं हे शालेय गणिताचं अंतिम ध्येय मानू नये, असं गणित शिक्षकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी २०१२ मध्येच संयुक्तपणे म्हटलं होतं. तरीही कॉलेज प्रवेशाच्या शर्यतीत पालक ‘कॅल्क्युलस’ या शब्दाकडेच पाहतात, आणि २०१९ मध्ये एबीला सुमारे ३ लाख, तर बीसीला सुमारे १ लाख ४० हजार मुलं बसली.

२०२३ च्या शरद ऋतूत एपी प्रीकॅल्क्युलस नावाचा नवा वर्ग सुरू झाला. त्याचा अभ्यासक्रम पाहा: फलनं, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती. १९६९ मध्ये ज्याला ‘ए’ म्हटलं होतं, बहुतेक तेच.