संगीत संशोधन (विद्यापीठीय)

विद्यापीठाच्या संगीत विभागात राग, ताल, बंदिशी, वाद्ये, घराणी आणि लोकसंगीत यांचा पुराव्यानिशी केलेला अभ्यास. गाणे येणे आणि गाण्यावर संशोधन करणे ही वेगळी कामे आहेत. उत्तम गाणाऱ्याचा प्रबंध फसतो, तो बहुधा कानाला पटलेली गोष्ट कागदावर सिद्ध करता न आल्यामुळे.

या अभ्यासाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी गोळा करून रागांची दहा थाटांत (मूळ स्वरसंचांत) मांडणी केली. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागेही तेच होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांवरचे) आपले काम १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

विषय निवडताना व्याप्ती आवरणे सर्वांत कठीण. ‘ग्वाल्हेर घराण्याचा अभ्यास’ हा विषय नव्हे, ते नुसते क्षेत्र झाले. एक राग, ठरावीक गायक, ठरावीक ध्वनिमुद्रणे आणि एकच प्रश्न (उदा. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात मुखडा, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कोणत्या मात्रेपासून उचलला जातो) एवढे बांधून घेतले, तर काम हाताळता येते. केवळ चरित्र आणि गौरव असलेल्या प्रबंधांची आपल्याकडे वाण नाही.

संशोधनाचा कस लागतो स्वरलेखनात. भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोन्ही पद्धतींची पुस्तके चालू आहेत आणि त्यांतली चिन्हे एकमेकांना छेद देतात. भातखंडे पद्धतीत स्वरावरचा बिंदू तार (वरचे) सप्तक दाखवतो, तर पलुस्कर पद्धतीत मंद्र (खालचे). ‘म’वरची उभी रेघ पहिल्या पद्धतीत तीव्र मध्यम, दुसरीत तार मध्यम. भातखंड्यांचे शून्य म्हणजे ‘खाली’ (तालातली टाळीविना जागा). पलुस्करांकडे स्वराखालचे शून्य अर्धी मात्रा सांगते आणि खालीसाठी अधिकचे चिन्ह येते. जुन्या पुस्तकातून बंदिश उतरवताना पद्धत तपासली नाही, तर एका बिंदूने धैवत दोन सप्तके सरकतो. म्हणून प्रबंधाच्या सुरुवातीलाच चिन्हांचा तक्ता द्यावा आणि सगळी उदाहरणे एकाच पद्धतीत आणावीत.

विलंबित एकतालाच्या बारा मात्रा प्रत्येकी चार भागांत मोजून ४८ घरांचा तक्ता आखला, की आलापातली जागा नेमकी सापडते. मात्र मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) आणि आंदोलन (स्वराचा संथ हेलकावा) त्या घरांत मावत नाहीत. तिथे खूण करून ध्वनिमुद्रणातील मिनिट-सेकंद लिहावे. बंदिशीचे शब्द बहुतेक ब्रज भाषेतले. ते अंदाजाने ‘दुरुस्त’ करू नयेत. ऐकू आले तसे लिहून पाठभेद टिपेत द्यावा, आणि चीज (बंदिश) कोणाकडून, कधी मिळाली हेही नोंदवावे.

मुलाखत किंवा मैफल मुद्रित करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूप ठेवावे. एमपी३ ऐकायला पुरते, जतनाला नाही. गायक, तानपुरा, तबला आणि पेटी यांना शक्यतो वेगवेगळे माइक हवेत. एकत्र मुद्रणात संगणक गळ्याऐवजी तानपुरा किंवा पेटीच मोजतो. शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) ३८६ सेंटवर, पेटीचा ४०० वर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग). हा १४ सेंटचा फरक गायकाच्या नावावर चढला की निष्कर्षच चुकतो.

स्वर मोजायला प्रात आणि सॉनिक व्हिज्युअलायझर या विनामूल्य आज्ञावली वापरल्या जातात. आधी षड्ज निश्चित करायचा. पुरुष गायकाची पट्टी (षड्जाची उंची) पेटीवरची काळी एक असेल, तर मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झच्या आसपास येतो. मग गळ्याच्या पल्ल्यानुसार वरची-खालची मर्यादा घालायची, नाहीतर आज्ञावली अधूनमधून एक सप्तक चुकते. सरासरी काढण्याचा मोह मात्र आवरावा. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार सरासरीत बसवला, की आंदोलनच नाहीसे होते. जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ मध्येच दाखवले की प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्यात स्वरस्थाने हलती असतात. तरीही प्रत्येक स्वराला एक आकडा चिकटवण्याची हौस सुटत नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या हे मोलाचे साधन, पण फसवे. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्यावरून ‘त्या काळी विस्तार कमी होता’ म्हणणे चूक. शिवाय सगळ्या तबकड्या ७८ वरच मुद्रित होत नसत. ७५ वर मुद्रित झालेली ७८ वर वाजवली, तर सारे सुमारे ६८ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन तृतीयांश, वर जाते आणि लयही वाढते. त्यामुळे कलाकाराची पट्टी तबकडीवरून ठरवू नये.

पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार किमान तीन व कमाल सहा वर्षे मिळतात, त्यात किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रम-काम करावे लागते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद-अलंकार परीक्षा प्रवेशाला कितपत चालतात, हे प्रत्येक विद्यापीठाच्या समकक्षता नियमांवर ठरते. अर्जाआधी ते लेखी विचारून घ्यावे. कलाकारांची लेखी संमती मुद्रणाच्या दिवशीच घ्यावी, आणि तीत ध्वनिफीत इतरांना ऐकवता येईल का, हे स्पष्ट लिहून घ्यावे. वर्षांनी कुटुंबीयांकडे परवानगी मागायची वेळ आली, तर मुद्रण हाती असूनही प्रबंधाला जोडता येत नाही.